मातीची तहान

खूप पूर्वी, गावांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, खाडीकाठच्या एका गावात दोन जावा शेजारी राहत. थोरलीच्या परसात विहीर होती. दगडी गडग्यापलीकडे धाकटीचा फणस होता. धाकटीचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. ती त्या फणसावरच पोट भरी.

एका टळटळीत दुपारी थोरली विहिरीत वाकली आणि थिजली. आतल्या दगडांच्या फटींतून पांढरे केस बाहेर आले होते. ओले, बारीक, पाण्याशी लोंबणारे. वारा नव्हता, तरी हलत होते. कुणी घोट घ्यावेत तसा आवाज खालून येत होता.

तिने धाकटीला बोलावलं.

"केस कसले, जाऊबाई, फणसाची मुळं आहेत ती," धाकटी म्हणाली. "या तंतूंनीच झाड मातीतली ओल ओढून घेतं. त्याने विहीर काही आटायची नाही."

"पाणी माझं आहे," थोरली म्हणाली.

तेव्हापासून तो आवाज तिला घरातही ऐकू येऊ लागला. चुलीपाशी, देव्हाऱ्यापाशी. शेवटी धाकटी बाजाराला गेलेली पाहून तिने मिठाच्या पाट्या आणल्या, फणसाच्या बुंध्याभोवती ओतल्या आणि वर पाणी शिंपडलं.

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण उलटा. आता झाड मातीला पीत नव्हतं, खारावलेली माती झाडाला पीत होती. मुळांतलं पाणी ती थेंबाथेंबाने ओढून घेत होती. ओल्या जमिनीत उभा असूनही फणस सुकत गेला. कोवळी फळं काळी पडून गळाली.

धाकटीने चिमूटभर माती जिभेला लावली, ती खारट लागली. तिने गडग्यापलीकडच्या थोरलीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून ती माहेरी गेली.

मीठ मात्र जागच्या जागी राहिलं नाही. ओलीबरोबर झिरपत ते गडग्याखालून विहिरीत उतरलं. त्या पाण्यावरची थोरलीची केळ वाळली. ती घागरभर पाणी प्यायली तरी घसा कोरडाच राही. जितकं प्यावं तितकी तहान वाढे.

घाबरून ती धाकटीला आणायला गेली. "चुकले मी. घरी चल," ती म्हणाली.

"येऊन खाऊ काय, जाऊबाई?" धाकटीने विचारलं आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर थोरली रोज दूरच्या झऱ्यावरून गोडं पाणी आणून त्या वठलेल्या बुंध्याशी ओतत राहिली. पाणी लगेच जिरे. कोंब कधी फुटला नाही.

ज्या मातीवर शेजारी जगतो तिच्यात विष कालवलं, तर ते आपल्याही घागरीत उतरतं.