नगाऱ्यावर ठेवलेला अल्बम

“बाबा, माझं कुणी ऐकलंच नाही… तर चूक माझी का जगाची?”

दस्तगीरबाबा काही बोलले नाहीत. नगाऱ्याच्या कातड्यावर तळवा फिरवत राहिले.

प्रश्न तिसऱ्यांदा विचारून झाला होता. विचारणारा कौस्तुभ टिपणीस. पुण्याच्या एका रॉक बँडमधे ड्रम वाजवतो. बँडचं नाव ‘गंज’. नाव ठेवलं तेव्हा पोरं विशीतली होती, आता नावाला शोभतील अशी झालीत.

टेकडीवर दर्गा, दर्ग्याच्या दरवाज्यावर नगारखाना. चौदा अरुंद पायऱ्या चढून गेलं की एक खोली, तीन बाजूंनी उघडी. कठडा आहे, पण टेकून बसावं असा नाही. बाबा तिथं साठ वर्षं नगारा वाजवतात. मी, गुंडू, तिथलीच शेगडी पेटवतो, नगारा शेकतो, चहा करतो आणि वर येणाऱ्याची खोड काढतो. शेवटचं काम मला कुणी सांगितलेलं नाही, पण तेच मी सगळ्यांत मन लावून करतो.

हा कौस्तुभ वीस वर्षांमागं तीन महिने इथं राहून बाबांकडून नगाऱ्याच्या टिपऱ्या धरायला शिकला होता. त्यानंतर उगवला तो थेट आज. गाजलेले शिष्य असेच. गुरूला विसरत नाहीत, फक्त येत नाहीत.

“अकरा वर्षांपूर्वी मी एकट्यानं अल्बम केला, बाबा. ‘मागचा माणूस’. बँडमधलं कुणी नाही. गाणी माझी, गळा माझा, सगळी वाद्यं मीच वाजवलेली. अडतीस मिनिटं… कुणी एक ओळ लिहिली नाही. कुणाचा एक फोन नाही.”

सांगताना छाती पुढं आली होती. काही माणसं जुन्या ऑपरेशनचा व्रण दाखवतात ना, तशी.

“अकरा वर्षं, बाबा!”

बाबांनी मला खूण केली. मी शेगडीत दोन कोळसे वाढवले.

“मग आज काय आठवलं?” मी विचारलं. मधे तोंड घालायची माझी खोड जुनी आहे.

“बंगळुरूची एक कंपनी तो पुन्हा काढायचा म्हणते, काका. काळ्या तबकडीवर. त्यांच्या कुणाला तरी एक सीडी सापडली. आज संध्याकाळी सहाला फोन येईल. हो किंवा नाही सांगायचंय. आज नाही म्हणालो तर विषय कायमचा संपला.”

“हो म्हणायचं. त्यात टेकडी चढण्यासारखं काय आहे?”

त्याची छाती हळूहळू होती तिथं गेली.

“लोक ऐकतील…” तो म्हणाला.

“मग? तो काय हुंगायला केलाय?”

“ऐकून ‘ठीक आहे’ म्हणाले तर?”

मी खो खो हसलो. मग त्याच्याकडं बघितलं आणि हसणं अर्ध्यात राहिलं. डिसेंबरातला वारा सुटला होता आणि ह्या गड्याच्या कपाळावर घाम होता. सापाला भिणारे बघितलेत, पोलिसाला भिणारे बघितलेत, सासऱ्याला भिणारा तर मी स्वतःच. पण ‘ठीक आहे’ला भिणारा पहिलाच.

“शिव्या चालतील, काका. शिव्या दिल्या तर म्हणता येतं, त्यांना कळलं नाही. ‘ठीक आहे’ म्हणजे त्यांना कळलं… आणि तेवढंच आहे.”

बाबांनी हात पुढं केला. तळवा वर. बोटं दोनदा हलवली.

दे.

कौस्तुभनं खिसा घट्ट धरला. “फोनमधे आहे. पण फोनवर काय ऐकणार, बाबा? खर्जाचं काही कळत नाही ह्याच्यावर.”

हात तसाच.

“बॅटरीही कमी आहे. फोन यायचाय सहाला…”

हात तसाच.

“वारा फार आहे इथं.”

आता मला राहवेना. पोर रडायच्या घाईला आलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस धीर देतो. मी थाप मारली.

त्याच्या कानाशी जाऊन म्हणलं, “अरे, लाव बिनघोर! बाबांना कुठं ऐकू येतंय?”

“काय?”

“ठार बहिरे झालेत. दोन वर्षं झाली. साठ वर्षं नगारा बडवल्यावर कान काय लोणच्यासारखे टिकतील? तू मघापासून तीनदा विचारलंस. एकदा तरी उत्तर आलं का?”

तुम्हाला खरं सांगतो. बाबांना मुंगी चाललेली ऐकू येते. पण गुरुवारी पहाटेपासून संध्याकाळची नौबत होईपर्यंत ते तोंड उघडत नाहीत. त्यांच्या वस्तादापासून चालत आलेला नेम आहे. त्या दिवशी गुरुवार होता.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी चाळीस वर्षं खातोय, आता पचते.

कौस्तुभच्या चेहऱ्यावर मात्र रक्त परतलं. फाशी रद्द झाल्यासारखा श्वास सोडला त्यानं. “अरेरे,” म्हणाला, आणि चटकन फोन काढला. दुःख इतक्या आनंदानं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं पहिलं गाणं लावलं. बारीक, पत्र्यासारखा आवाज आला.

बाबांनी फोन त्याच्या हातातून घेतला आणि उताणा नगाऱ्यावर ठेवला. नीट मधोमध.

आणि आवाज मोठा झाला. शेकलेलं ताणलेलं कातडं, खाली तांब्याचं पोट. ढोल तर ढोल, ह्या माणसाचा श्वाससुद्धा त्यातून घुमायला लागला. खोलीभर झाला. पायऱ्या उतरून खाली गेला. खाली चादर विकणारा मान वर करून बघायला लागला.

“काका! खाली जातंय!” कौस्तुभ झेपावला.

बाबांनी एक हात त्याच्या मनगटावर ठेवला. दुसरा नगाऱ्याच्या कडेवर, सपाट.

“हातानं ऐकतायत बिचारे,” मी म्हणलं. “राहू दे. चादरवाल्याला वाटेल डेपोची गाडी बिघडली.”

तो बसला. पण पाठ भिंतीला लावली नाही, मांडी घातली नाही. पळायच्या तयारीतल्या माणसासारखा चवड्यांवर.

पहिलं गाणं संपलं. दुसरं लागलं. बाबांचे डोळे मिटलेले.

मग कौस्तुभ बोलायला लागला. आधी हळू. बहिऱ्या माणसापुढं लोक मोठ्यानं बोलतात, हा कुजबुजत होता.

“हे मी घाई केली, बाबा. भ्यालो की माझी लय पळते. ऐका… हे बघा, पळाली.”

बाबा स्थिर.

“इथं मला गाता येत नव्हतं. म्हणून झांज मोठी ठेवली, गळा झाकायला.”

तिसरं लागलं. त्यात काहीच नव्हतं. ड्रमच्या कडेवर नुसती बोटं, आणि अंघोळ करताना गुणगुणावं तसा गळा. मधेच बोटं चुकली. ठोका पडायचा तो पडलाच नाही. दोन मात्रा कोऱ्या गेल्या… मग श्वास घेतल्याचा आवाज, आणि बोटं परत चालू.

“इथं हात सटकला,” कौस्तुभ म्हणाला. “सगळं पुन्हा वाजवता आलं असतं. ठेवला तसाच. का ठेवला ते कुणाला सांगितलं नाही. सगळ्या अल्बममधे तेवढ्या दोन मात्रा मी कुणाला दाखवायला वाजवत नव्हतो.”

मी चहा गाळत होतो. हात थांबला.

चौथ्या गाण्याला त्याचा आवाज पार बसला.

“पाचशे सीड्या काढल्या होत्या, बाबा. चाळीस वाटल्या. त्याही कुणाला… डेंटिस्टला, सोसायटीच्या चेअरमनला, वहिनीच्या माहेरी. एका वर्तमानपत्राच्या माणसानं दोनदा फोन करून मागितली. संपल्या म्हणून सांगितलं. आमच्या गिटारवाल्यानं मागितली, विषय बदलला. त्यानं परत मागितली… मी त्याच्याशी भांडण काढलं.”

नगारा घुमत होता.

“बाकीच्या पलंगाखाली आहेत. अकरा वर्षं त्यांच्यावर झोपतोय. आणि दर मुलाखतीत सांगतोय, जगानं ऐकलं नाही. बाबा, मी… मी तो स्वतःसुद्धा पुन्हा ऐकलेला नाही. आज ऐकतोय. तुमच्यापुढं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून.”

मी बाबांच्या मिटल्या डोळ्यांकडं बघितलं. थाप माझी होती. सूर्य डोंगराला टेकत होता. थोड्या वेळात नौबत होणार आणि बाबा बोलणार. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं… आणि बाबांनी डोळे न उघडता माझ्याकडं एक बोट उभं केलं.

मी तोंड मिटलं.

अडतीस मिनिटं पुरी झाली.

बाबांनी फोन उचलून कौस्तुभच्या हातात दिला. टिपऱ्या घेतल्या, कपाळाला लावल्या. नौबत वाजवली.

काय सांगू? दगड हलतो. दाढा हलतात. ऐंशीचा म्हातारा, पण टिपरी पडते तेव्हा कबुतरं एकदम उठतात. खाली गुरुवारची गर्दी होती. कुणी शेंगा खात होतं, कुणी चपला शोधत होतं. एकानंही मान वर केली नाही. त्यांना रोजचं आहे.

कौस्तुभ कठड्याशी उभा राहून त्या गर्दीकडं बघत होता.

नौबत थांबली. बाबांनी टिपऱ्या खाली ठेवल्या. घसा साफ केला.

“चारशेसाठ सीड्या,” बाबा म्हणाले. “पलंग उंच दिसतो तुझा.”

मी शेगडीकडं तोंड केलं.

मागून अगदी लहान आवाज आला. “काका… तुम्ही म्हणालात…”

“म्हणालो खरा,” मी कोळशांना सांगितलं.

तो जिन्याकडं वळला. एक पायरी उतरला. दुसरीवर पाय निघेना. भिंतीला हात लावून उभा राहिला. कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी हे मीठमसाला लावून सगळ्या बाजारात सांगितलं असतं.

“सगळं ऐकलंत?” पाठमोराच विचारत होता.

“कान आहेत. जातील कुठं?”

“मी बोललो तेही?”

“तेही.”

तो परत वर आला. आता वाट दोन्हीकडून बंद होती.

“मग सांगा, बाबा. कसं आहे?”

बाबांनी नगाऱ्यावर कापड पसरलं. कडा सारख्या केल्या. दोरी फिरवली. एक वेढा… दुसरा… तिसरा. मी मनात म्हणत होतो, बाबा, खोटं बोला. एकदा बोला. आम्ही दिवसाला दहादा बोलतो, काही होत नाही.

बाबांनी गाठ मारली.

“ठीक आहे,” म्हणाले.

कौस्तुभनं डोळे मिटून घेतले. मार चुकवताना पोरं मिटतात तसे. आभाळ पडायची वाट बघत होता बहुतेक. मीही बघत होतो.

पडलं नाही. खाली शेंगावाला ओरडत होता.

आणि फोन वाजला.

सहा.

त्याच्या हातातून तो सुटला, फरशीवर पडला आणि थरथरत गोल फिरायला लागला. दुसरी घंटा. तिसरी. कौस्तुभनं बाबांकडं बघितलं. बाबा गाठीतलं दोरीचं टोक आत खोचत होते. माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? माझ्यावर विश्वास ठेवून काय झालं ते त्यानं नुकतंच बघितलं होतं.

पाचव्या घंटेला त्यानं वाकून फोन उचलला.

“हो… मीच.”

पिठाच्या डब्यातून उंदीर बोलावा तसा आवाज.

“हो. काढा…” मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. “नाही. दुरुस्त काही करायचं नाही. नाही, तिसऱ्यातलंही नाही. ते चुकलेलंच आहे… तसंच राहू दे.”

फोन ठेवला. जिथं उभा होता तिथंच बसला. मी चहा पुढं केला, त्यातला अर्धा बशीत, अर्धा शर्टावर गेला.

“म्हणालो, बाबा,” तो म्हणाला. “मला वाटलं, म्हणून टाकलं की भीती जाईल. ती वाढलीच. आता तर खरंच ऐकतील. हात बघा माझा…”

हात खरंच कापत होता. बाबांनी तो नीट बघितला, वैद्य बघतो तसा, आणि सोडून दिला.

मग नगाऱ्याकडं वळून नुकतीच मारलेली गाठ सोडायला लागले.

“कापू दे,” बाबा म्हणाले. “तिसरं पुन्हा लाव… मघाशी तू मधे बोलत होतास.”