पहिली पाच पाती

फार मागची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्षी राहत. पिल्लांना विणकाम शिकवायला तिथे शाळेचा एक मोठा खोपा होता. बाभळीची रीत अशी, की नवा खोपा बांधणाऱ्याने दर खोप्यामागे उसाची पहिली पाच पाती शाळेला द्यायची.

एकदा रंगोबा नावाचा नर आला आणि त्याने बघता बघता सहा अर्धे खोपे टांगले.

"रंगोबा, शाळेची पाती?" बाभळीने विचारलं.

"मला कुठे पिल्लं आहेत? ज्यांची आहेत त्यांनी द्यावीत की!" रंगोबा फणकारला.

आता सुगरणींमध्ये मादीने अर्धा खोपा पसंत केला, तरच नर तो पुरा करतो. सगुणा आली. तिने सहाही खोपे चोचीने ओढून पाहिले. रंगोबाची छाती फुगली.

"वीण झकास आहे हो," सगुणा म्हणाली. "पण शाळेत आताच पिल्लं दाराला लोंबकळताहेत. माझी बसणार कुठे?"

रंगोबा तडक उसाच्या फडाकडे उडाला.

दुपारी शाळेला नवा कप्पा विणला जात होता. विणणाऱ्याला अजून एकही पिल्लू नव्हतं.