तिन्हीसांजेचं विरजण

एकदा एक स्त्री खिरीने भरलेला वाडगा जसाच्या तसा परत घेऊन आली. तिचं नाव सगुणा. नदीकाठच्या त्या गावात आक्का नावाच्या एक वृद्ध विदुषी स्त्रियांना पोथी वाचायला शिकवत असत. सगुणा त्यांची शिष्या. त्या दुपारी ती घरी न जाता सरळ आक्कांच्या ओसरीवर येऊन बसली.

"द्वारकाने आजही दार उघडलं नाही?" आक्कांनी विचारलं.

"भाऊजींनी उघडलं. म्हणाले, ती निजलीय. पण आक्का, आतून बांगड्या वाजल्या. ती जागी होती."

सगुणा आणि द्वारका एकाच वर्षी लग्न होऊन एकाच गल्लीत आल्या होत्या. तेव्हापासून हा वाडगा दोन्ही घरांमधून ये-जा करत असे. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिकडची रीत. आमटी गेली की लोणचं यायचं, लोणचं गेलं की धिरडी यायची. मग द्वारकाला सांध्यांचा आजार जडला. बोटं वाकडी होत गेली. हा आजार बरा होणार नाही, त्याच्यासोबतच राहायला शिका, असं वैद्यांनी स्पष्ट सांगितलं. सुरुवातीला वाडगा चिमूटभर साखर घालून परत आला. पुढे नुसता धुऊन, रिकामा आला. आणि मग द्वारका भेटेनाशीच झाली.

"मला परत काही नको हो," सगुणा म्हणाली. "तिने मला दोन शिव्या दिल्या तरी चालतील. गल्लीतून जाताना तिच्या खिडकीकडे बघायचा धीर होत नाही आता."

आक्कांनी वाडगा जवळ ओढला आणि सावकाश सगळी खीर खाऊन टाकली. "वेलदोडा जरा जास्त झालाय," एवढंच बोलून त्यांनी वाडगा धुतला, पुसला आणि सगुणाला दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. देवापाशी दिवा लागल्यावर म्हणाल्या, "आता जा. द्वारकाकडून विरजणापुरतं दही मागून आण."

सगुणा चकित झाली. "माझ्या घरी दह्याचं गाडगं भरलंय! आणि तिन्हीसांजेला दही मागायचं? दिवेलागणीनंतर कोणी घरातून विरजण देतं का?"

"म्हणूनच आत्ता जा."

द्वारकाच्या दारात तिचा नवरा संकोचून उभा राहिला. "वहिनी, ती जरा पडलीय..."

"विरजण हवं होतं," सगुणा म्हणाली. लाजेने आवाज नको तितका मोठा झाला.

आतून द्वारकाचा आवाज आला.

"दिवेलागणीला विरजण मागतेस? इतकी वर्षं संसार करून एवढंही कळेना तुला?"

सगुणाने दाराची चौकट घट्ट धरली. "विसरले गं."

"विसरली म्हणे! स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या विसरून उभी राहिली होतीस, ती खोड अजून गेली नाही. सकाळी ये. आणि वाडगा ठेवून जा, नाहीतर तोही विसरशील."

सकाळी दार उघडंच होतं. द्वारका बाजेवर बसली होती. वाडग्यात चमचाभर दही होतं आणि काठावर, बाहेरही सांडलेलं होतं. ते तिने दोन्ही मनगटांत चमचा धरून काढलं होतं. सगुणाने काठ पुसला नाही. ती शेजारी बसली. दोघी त्या वाकड्या बोटांकडे बघत राहिल्या.

"दुखतं?"

"रोज. आणि तू भरलेला वाडगा आणलास की जास्तच. त्यात परत काय घालू, ते सुचायचं नाही."

"मग दही कसं लावतेस?"

"दूध हे तापवून देतात. मी नुसता थेंब सोडते. पुढचं दही आपलं आपण लागतं. त्याला कुठे बोटं लागतात?" असं म्हणून द्वारका हसली, आणि मग दोघी रडल्या.

सगुणा आक्कांकडे आली तेव्हा ऊन चढलं होतं. "आक्का, विरजण मिळालं. पण तुम्ही मला अवेळी का पाठवलंत?"

आक्का म्हणाल्या, "बाळ, आजारी माणसाच्या दारी सगळे काही ना काही द्यायला जातात. मागायला कोणीच जात नाही. घेऊन घेऊन ते माणूस थकतं, आणि एक दिवस दार लावून घेतं. तू सकाळी गेली असतीस, तर तिच्या नवऱ्याने दारातच दही देऊन तुला वाटेला लावलं असतं. द्वारकाला तुझ्यावर पुन्हा रागावता यायला हवं होतं. आणि तिन्हीसांजेला विरजण नाकारणाऱ्या बाईला 'सकाळी ये' हे म्हणावंच लागतं."

घरी जाऊन सगुणाने गाडग्यातलं सगळं दही ताक करून गल्लीत वाटून टाकलं. पुढे तिने घरात विरजण कधी शिल्लक ठेवलं नाही.

द्वारकाचा आजार बरा झाला नाही. काही सकाळी वेदना इतक्या असत की तिचं दार उघडत नसे. त्या दिवशी सगुणाच्या घरचं दूध दूधच राही, आणि दुसऱ्या सकाळी ती रिकामा वाडगा घेऊन पुन्हा त्या दाराशी जाई.