टेटूवरचे जाळे

सदाहरित रानाच्या कडेला एक गाव होते. तेथे विश्वंभरशास्त्री नावाचे वैद्य राहत. त्यांच्या परसात टेटूची झाडे होती. टेटूच्या मुळांशिवाय त्यांचा काढा होत नसे. पण मुळे काढून काढून झाडे वठू लागली होती. यंदा शेंगा धरून बी मिळाले, तरच नवी रोपे उभी राहणार होती.

पावसाळ्यात टेटू फुलला. रोज सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडे आणि पाकळ्यांवर नखांचे ओरखडे दिसत. शास्त्रीबुवा संतापले. "ही वटवाघळांचीच करणी! जातच मेली अभद्र!"

पांगाऱ्यावर येणारा शिंजीर मात्र त्यांचा लाडका. तो चिमुकला पक्षी चोचीला पराग माखून फुलाफुलांवर हिंडतो, हे त्यांनी पाहिले होते. टेटूलाही तोच फळवील, असे त्यांनी गृहीत धरले. शिंजीर आत शिरेल, पण वटवाघूळ शिरणार नाही, असे रुंद विणीचे जाळे त्यांनी झाडांवर पसरले. शिवाय वटवाघळे ज्यावर लटकत, तो उंबर तोडण्याचा सल्ला गावाला दिला आणि मुहूर्तही काढून दिला. वैद्यांचा शब्द, गावाने तो मानला.

ओरखडे थांबले. फुले मात्र गळतच राहिली.

उंबर तोडायच्या आदल्या दिवशी पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, गेल्या साली ओरखडेही होते नि शेंगाही. बी वाऱ्यावर उडाले, कोणी जपले नाही. यंदा दोन्ही नाहीत. तुमचा लाडका करतो तरी काय?"

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा पहाटेच परसात जाऊन उभे राहिले. उजाडण्यापूर्वीच रात्री उमललेली फुले टपटप गळली. मग ऊन आले आणि उन्हाबरोबर शिंजीर. टेटूवर त्याच्यासाठी उरले होते नुसते देठ.

शास्त्रीबुवा तसेच उंबराकडे धावले. गड्यांनी कुऱ्हाडी उगारल्या होत्या, पाटील शेजारी उभे होते.

"थांबा! फुले आपसूकच गळतात. त्याआधी पराग पोचवतात ती वटवाघळे. चूक माझी."

पाटील हसले. "शास्त्रीबुवा, मुहूर्त तुम्हीच काढलात ना?"

"मुहूर्त चोख होता, पाटील. निदान चुकले. गुण न आलेले औषध मी बदलतो. मग मत का नको?"

गडी हसत हसत माघारी फिरले. शास्त्रीबुवांनी त्याच दिवशी जाळे उतरवले. बहर अजून सरला नव्हता. उशिराच्या फुलांना शेंगा धरल्या, आणि हिवाळ्यात बी हाती आले.

तात्पर्य: रूप पाहून कोणाला दोषी ठरवू नये, आधी त्याचे काम पाहावे, आणि निवाडा चुकलाच, तर ज्यांच्यासमोर दिला त्यांच्याचसमोर तो मागे घ्यावा.