ठुमकीचे नाक

"अजून किती वाढवू, बुवा?"

सिदोबुवा पायरीवर बसून शेंगा सोलत होते. "काय वाढवतोस?"

"दाब, विजेचा. कुंपणाच्या तारेत आठ हजार व्होल्ट आहेत. बैलसुद्धा मागे फिरेल. तरी काल पाच मेंढ्या खालच्या रानात, हौसाआक्कांच्या शाळूत गेल्या."

"आठ हजार?"

"मीटरवर दिसतात."

"ब्येस." बुवांनी आणखी एक शेंग फोडली. "मेंढ्यांना कुणी सांगितलं?"

शंतनूने पुन्हा मीटरकडे पाहिले.

माणदेशातल्या त्या माळावर सिदोबुवांचा मठ म्हणजे दोन खोल्या, एक लिंब आणि बेचाळीस मेंढ्या. शंतनू देवस्थळीने बारा वर्षे अभियांत्रिकीच्या मुलांना वीज शिकवली होती. आता तो स्वतः काही शिकावे म्हणून इथे आला होता. त्याने मंत्र मागितला, तेव्हा बुवांनी त्याच्या हाती तारेचे भेंडोळे दिले. त्याला आधी तो अपमान वाटला, मग परीक्षा वाटली. आणि परीक्षेत तो आजवर कधी नापास झाला नव्हता.

यंत्र त्याने स्वतः निवडले. तारेत सेकंदाला विजेचा एक ठोका देणारे, उन्हावर चालणारे. गावात त्याला झटका मशीन म्हणत. आधी लहान आणले, ते पुरेना म्हणून त्याच्या दुप्पट ताकदीचे. तीन तारा ताणल्या. अर्थिंगसाठी पुरलेल्या सळयांभोवतीची माती सुकू नये म्हणून तो तिथे रोज पाणी घाली, मग मीटर लावी आणि आकडा बुवांना मोठ्याने वाचून दाखवी.

तारा बांधण्याच्या दिवशी बुवा शेजारी उभे राहून काहीतरी म्हणाले होते. शंतनूने "हो, हो" म्हटले होते. तो तेव्हा खांबांमधले अंतर मोजत होता.

"बुवा..."

शंतनूने बोट केले. बांधावरून हौसाआक्का येत होत्या. माळ त्यांचा. सासऱ्यांनी तो मठाला चराईसाठी दिला होता आणि सुनेने तो शब्द इतकी वर्षे पाळला होता. खालचे शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, रानही त्यांचेच.

"माझा शाळू पोटरीत आलाय. तुमच्या मेंढ्यांना मी आवतण धाडलं नव्हतं."

"आक्का, हे यंत्र आठ हजार व्होल्टचं आहे," शंतनू म्हणाला.

"मग मेंढ्या शिजून यायला पायजेत की. मला तर कच्च्याच दिसल्या."

बुवा खो-खो हसले. आक्का हसल्या नाहीत.

"आज दिस मावळंपतोर हितंच बसते. एक जरी मेंढी आत आली, तर उद्या ह्यो माळ नांगरला. मग तुम्ही आन् तुमचा कळप."

माळ गेला की कळप राहत नाही, एवढे शंतनूलाही कळत होते. शनिवारचा मेंढ्यांचा बाजार दोन दिवसांवर होता. बेचाळिसांच्या पुढे नेहमी ठुमकी चाले. ती जिकडे जाई तिकडे सगळ्या. बाजाराकडेही ती अशीच पुढे चालली असती.

बुवा उठले. खांद्यावरची काळी घोंगडी काढून त्यांनी तिची दुहेरी घडी घातली.

"मास्तर, बूट काढ."

"कशाला?"

"वाक. हातापायांवर. मेंढी हो."

"बुवा, तत्त्वतः पाहिलं तर..."

"मेंढी बोलत न्हाय."

शंतनूने बूट काढले. बुवांनी घोंगडी त्याच्या डोक्यावरून पाठीवर पसरली आणि तारेकडे बोट केले. "जा पलीकडं."

आक्कांनी बांधावर बैठक मारून पदर तोंडाला लावला. "लेंड्या टाकू नगंस म्हंजे झालं."

यंत्र ठोके देत होते. टक्... टक्... खालची तार जमिनीपासून हातभर उंच होती. शंतनूने मान खाली घातली, अंग चोरले आणि तो पुढे सरकला. तार घोंगडीवर टेकली. खांद्यापासून कमरेपर्यंत ती त्याच्या पाठीवरून घसरत गेली. ही तार त्यानेच बांधली होती, आणि तिच्यात काय होते हे इथे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्याने दात आवळले, डोळे मिटले आणि ठोके मोजले.

सात.

एकही त्याच्यापर्यंत पोचला नाही.

"काय झालं?" पलीकडून बुवांनी विचारले.

"काही नाही." त्याला सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण थोडासा रागच आला. आपल्याच कुंपणाने आपल्याला ओळखू नये. "लोकरीतून जात नाही..."

"परत ये."

तो वळला. तार नेमकी किती उंच आहे, हे आता त्याला मेंढीच्या जागेवरून पाहायचे होते. त्याने तोंड वर केले, आणि नाक तारेला लागले.

टक्.

शंतनू मागच्या मागे उडाला आणि शाळूत जाऊन बसला. दोन ताटे कडकन मोडली.

"बुवा," हौसाआक्का शांतपणे म्हणाल्या, "त्रेचाळिसावी आत आली. मोजू का नगं?"

"नगं. ती अजून कळपात घेतली न्हाय."

शंतनूने नाक धरून ठेवले होते. "मी मागे का आलो?" तो स्वतःशीच बोलत होता. "मला तर पुढे यायचं होतं..."

मग तो तारेपाशी ओणवा होऊन तिची उंची वितीने मोजू लागला.

दुपारभर तो गुडघ्यांवर होता. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली. तिच्यावर वीतभर अंतराने आणखी एक ओढली. वीज गवतातच मुरून जाऊ नये म्हणून तारेखालचे गवत विळ्याने जमिनीसपाट कापले. मोठे यंत्र काढून लहान लावले. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. शेवटी खालच्या तारेला पत्र्याचे तुकडे अडकवून तो म्हणाला, "यांना वासाचं काही लावायला हवं. म्हणजे नाक आपणहून येईल."

बुवांनी वाटी पुढे केली. सकाळी सोललेले शेंगदाणे कुटून, गुळात कालवून तयार होते.

उन्हे कलली. ठुमकी उतारावरून डुलत आली, मागे एकेचाळीस. पत्र्यापाशी थांबली. तिने मान लांबवून हुंगले...

टक्.

ठुमकी ओरडून चार पावले मागे आली. मागच्या तिच्यामागे. सगळा कळप मठाच्या बाजूला वळला, आणि ठुमकी दुरून पत्र्याकडे अशी पाहत राहिली, जणू तो तिला काही बोलला होता.

सूर्य टेकला. शाळू उभा होता. हौसाआक्का लुगडे झटकून उठल्या.

"माळ ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण दोन ताटं ह्या मास्तरानं मोडलीत. उद्या खुरपायला धाडा त्येला. बूट न घालता."

त्या गेल्यावर शंतनू पायरीवर बसला. नाक अजून लाल होते.

"बुवा, तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"व्हय."

"मग मला सांगितलं का नाही?"

बुवा घोंगडीवरची कुसळे एकेक करून वेचत होते.

"सांगितलं हुतं," ते म्हणाले. "तवा तुजी लोकर लई दाट हुती."