कोरडा कोपरा

वरच्या मजल्यावरच्या द्वारकाकाकूंनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून मागितलं, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष टिपरे तोऱ्यात म्हणाले, "गच्ची सगळ्यांची, पण गळतं तुमच्याकडे. तुमचं तुम्ही बघा!"

मे महिन्यात अवकाळी पाऊस कोसळला. गच्चीत टिपऱ्यांच्या कुरडया वाळत होत्या. काकूंनी धावत जाऊन त्या आपल्या घरात आणल्या.

टिपरे छत्री घेऊन धापा टाकत आले. "कुरडया भिजल्या का हो?"

"छे! घरात एकच कोपरा कोरडा होता, तिथे पसरल्यात. यांना तेवढं जरा गळतीखाली सरकवलंय."

अंथरुणाला खिळलेले काका पोटावर परात धरून हसत होते. परातीत थेंब टपटपत होते.

टिपऱ्यांनी छत्री उघडली आणि काकांवर धरली. "उद्याच माणसं लावतो," ते म्हणाले. "तोवर मी इथेच उभा आहे."