सीतकुरेचा सातवा दट्ट्या

ऐका मंडळी, आणि मागे बसलेल्यांनी जरा पुढे सरका, कारण ही गोष्ट मला हळू सांगता येत नाही. फार वर्षांपूर्वी, आपल्या पाळीवरची ही ऐनाची झाडं तुमच्या कमरेएवढी होती, तेव्हा येनतळा गावात सीतकुरा नावाची पाणकरीण राहत होती. बाईमाणूस आणि पाणकरीण! आजही कुणी भुवया उंचावतात, तर तेव्हा काय झालं असेल, विचार करा.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आज पाहुणेही बसलेत, म्हणून सांगतो. तलावाच्या आत, पाळीला म्हणजे मातीच्या बांधाला टेकून, दगडी पायऱ्यांची एक भिंत आहे. तिला आम्ही तुडूम म्हणतो. पायऱ्या सात, प्रत्येक पायरीत एक भोक आणि भोकात सागाचा दट्ट्या. वरचा दट्ट्या काढला की वरचं पाणी पाळीखालून पाटात उतरतं आणि धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे शेतांकडे, धावतं. पाणी भोकाच्या खाली गेलं की धार आपोआप थांबते. मग त्याच्या खालचा दट्ट्या. कोणता केव्हा काढायचा हे पाणकराने ठरवायचं. म्हणजे साऱ्या गावाचं ताट त्याच्या हातात, आणि साऱ्या गावाच्या शिव्याही त्यालाच.

सीतकुरेच्या आधी तिचा नवरा इस्तारी पाणकर होता. इस्तारी देवमाणूस. कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे, आणि तेच त्याला भोवलं. एका वर्षी पावसाने दगा दिला. सहा दट्ट्ये निघाले, सातवा तेवढा राहिला. आता आपल्या भागात एक खात्री असते बघा, की बाकीची नक्षत्रं रुसली तरी हत्तीचं नक्षत्र पाऊस पाडणारच. सगळं गाव पाळीवर जमलं. "इस्तारी, काढ सातवा! पंधरा दिवसांत हत्ती येते अन् तलाव भरून देते!" इस्तारीने काढला. धान थोडंफार वाचलं. हत्ती मात्र दुरूनच शेपटी हलवून निघून गेला, एक थेंब पडला नाही.

चैत्रात तलावाच्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. गुरं पाण्याच्या वासाने चिखलात उतरली आणि रुतून मेली. इस्तारी लोकांसाठी तळात झरा खणत होता, आणि खणता खणता खड्ड्याची कड त्याच्या अंगावर कोसळली. तो गेला. ज्यांनी पाळीवरून आरोळ्या ठोकल्या होत्या ते तेराव्याला जेवता जेवता म्हणाले, "पाणकराचंच चुकलं." जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही उगीच नाही.

पुढच्या वर्षी कुणी पाणकर व्हायला तयार होईना. सीतकुरा पदर खोचून तुडुमावर जाऊन उभी राहिली. मालगुजार होते अंताराम, पाळीखालच्या वीस बांध्यांचे आणि साऱ्या गावाच्या मानाचे धनी. ते म्हणाले, "बाई पान्यात उतरनार?" ती म्हणाली, "मालक, ज्याले उतरायचं हाये त्यानं उतरावं, मी घरी जाते." कुणी धोतर वर केलं नाही. म्हणून ती उतरली.

तिने दोन नेम सांगितले. पहिला असा, की पाणी आधी शेवटच्या बांधीला, मग वर वर येत पाळीखालच्या बांधीला. दुसरा असा, की सातवा दट्ट्या निघणार नाही. सहाव्या भोकाच्या वरचं पाणी धानाचं, खालचं पाणी तोंडाचं. मग ते तोंड माणसाचं असो, म्हशीचं असो की माशाचं.

पहिल्या नेमावर लोक हसले. तोवर रीत उलटी होती. पाळीजवळचे आधी भिजवायचे, आणि पाटाच्या टोकाला असलेल्या वस्तीवर, शेपटीटोल्यावर, ओल पोचली तर पोचली. आणि लोक का हसले, ते सांगतो. सीतकुरेची स्वतःची एकच बांधी होती, ती अगदी पाळीला चिकटून, पहिली. तिच्याच नेमाने तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. "आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला बाईनं," असं म्हणत लोक घरी गेले.

तिच्याबद्दल काय काय सांगतात! पाळीला कान लावून ती आत किती दिवसांचं पाणी आहे ते सांगायची, असं म्हणतात. तिची चाहूल लागली की मासे पायरीशी येऊन उभे राहायचे, असं म्हणतात. रोज सकाळी तुडुमाच्या दगडावर पाण्याच्या काठाशी ती शेंदराचा ठिपका लावायची, हे मात्र नुसतं म्हणत नाहीत. ते ठिपके माझ्या आजाने पाहिले होते.

आणि मग ते वर्ष आलं. मृगाने हात दिला, रोवणी झाली, धान हिरवंगार उभं राहिलं. मघा कोरडी. पूर्वा कोरडी. उत्तरेत आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. सीतकुरेने एकेक करत पाच दट्ट्ये काढले. धान पोटरीत आलं, आता आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणाच भरणार नाही अशी वेळ. आणि सहाव्या दट्ट्याचं पाणी ते किती? पूर्वीच्या रीतीने अर्ध्या गावालाही पुरलं नसतं.

सूर्य उगवायला तिने सहावा काढला. बापरे, ती सकाळ! पाटाच्या दोन्ही काठांवर माणूस न माणूस उभा. आधी हेच लोक पाट फोडून पाणी पळवायचे. आता शेपटीटोला भिजल्याशिवाय आपला नंबर लागत नाही म्हटल्यावर प्रत्येकजण आपल्या समोरच्या पाटात एक थेंब झिरपू देईना! खेकड्याचं बीळ दिसलं की चिखलाचा गोळा. उंदराचं बीळ दिसलं की चिखलाचा गोळा. एका म्हातारीने तर गळती दिसली तिथे स्वतःचं बूड टेकलं आणि धार पुढे जाईपर्यंत उठलीच नाही! चोर होते ते राखणदार झाले, आणि कुणी कुणाला उपदेश केला नव्हता.

सीतकुरा पाण्याच्या पुढे धावत होती. अनवाणी, हातात काठी, पदर कमरेला. गाईमागे वासरू यावं तसं पाणी तिच्यामागे येत होतं. ती वळली की पाणी वळायचं, ती थांबली की पाणी थांबायचं, असं म्हणतात. "आलं! पानी आलं!" एका वळणावरून हाक निघे, दुसरं वळण ती उचले. पूर्वी ज्या वाटेला पाण्याला तीन दिवस लागायचे, ती वाट त्या दिवशी दुपारच्या आत संपली. शेपटीटोल्याचा बुधराम शेवटच्या धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, उभा होता. साठ वर्षांचा माणूस, पण तुटीच्या वर्षात त्याच्या बांधीत सहाव्या दट्ट्याचं पाणी त्याने कधीच पाहिलं नव्हतं. पाणी त्याच्या पायाला लागलं आणि तो मटकन खालीच बसला. "बाई," म्हणाला, "हे इथंवर येते?" आणि रडायला लागला. सीतकुराही रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "रडून पानी वाया नोको घालवू बाप्पा, बांध बांध." आणि पुन्हा वरच्या वाटेला लागली.

पाणी टोकाकडून वर सरकत आलं. एक टोला भिजला, दुसरा भिजला, मधलं गाव भिजलं, मालगुजारांच्या वीस बांध्यांपैकी सतराही भिजल्या. आणि तिथे सहाव्या भोकाची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. कोरड्या राहिल्या मालगुजारांच्या तीन बांध्या, आणि सगळ्यात वर सीतकुरेची एकुलती एक.

हत्ती नक्षत्र लागायला एकच दिवस उरला होता. अंताराम मालगुजार गडीमाणसं घेऊन पाळीवर आले. मागोमाग गावही आलं. सीतकुरा तुडुमावर बसली होती.

"सीतकुरा, सातवा काढ. एक दिवसाचं तर काम हाये. उद्या हत्ती येते."

"हत्ती येऊ द्या मालक. मले दिसला का मी काढते."

"माह्या तीन बांध्या जातात, तुही तर एकच हाये, सगळीच जाते! खाशीन काय?"

मंडळी, खरं तेच विचारलं होतं त्यांनी. तिच्या घरात दुसरा दाणा नव्हता. पाळीवरून तिला तिचं धान दिसत होतं, टोकं पिवळी पडत चाललेली. एक दट्ट्या, आणि ते वाचणार होतं. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इस्तारीनं तुमचं आयकलं होतं. त्याले खाली कोनी काढाले आलं नाई. सुकू द्या माह्यं धान."

मालगुजार भडकले. त्यांनी दोन पोहणारे गडी पाण्यात उतरवले. पहिल्याने सातव्या दट्ट्याला हात घातला. हलेना. दुसरा उतरला. हलेना! दोघांनी मिळून दोर बांधून ओढला, दोर तुटला, दोघे उलटेपालटे होऊन चिखल खात वर आले. त्यांनी शपथेवर सांगितलं, की आतून कुणीतरी धरून ठेवलंय. तलावातल्या सगळ्यात जुन्या, म्हशीएवढ्या माशाने दट्ट्याचं टोक तोंडात धरलं होतं, असं म्हणतात. माझा आजा मात्र सांगायचा, की तिने दट्ट्याला अंबाडीचं सूत गच्च गुंडाळून ठेवलं होतं, आणि ते पाण्यात फुगून दगडात बसलं होतं. मला दोन्ही पटतं. तुम्हाला आवडेल ते घ्या.

तेवढ्यात ढग गडगडले! साऱ्या पाळीने वर पाहिलं. काळा ढग, सोंडेसारखा लांब, येनतळ्यावर येऊन थांबला. "आला! हत्ती आला!" लोक नाचायला लागले, मालगुजारांनी पागोटं उडवलं. सीतकुरा एकटी हात पसरून उभी राहिली, तळहात वर करून. ढग गेला. तिने तळहात सगळ्यांना दाखवला. कोरडा होता. एकेकजण पाळीवरून उतरला.

तिची बांधी आठ दिवसांत वाळून गेली. कापणी आली. गावात धान होतं, थोडं पण भरल्या दाण्याचं, आणि शेपटीटोल्यावर तर घरोघरी होतं. एके सकाळी सीतकुरा दारात आली तर पाटाच्या काठाने माणसांची रांग चाललेली. पुढे बुधराम, डोक्यावर धानाची पेंढी. मागे बाया, मागे पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर एक पेंढी. ते तिच्या वाळक्या बांधीत उतरले आणि पेंढ्या रचायला लागले. त्यांना पाहून मधलं गाव आलं. दिवस मावळेपर्यंत रचणं चाललं. ज्या बांधीत एक लोंबी पिकली नव्हती, त्या बांधीत त्या वर्षी गावातलं सगळ्यात उंच पुंजणं उभं राहिलं. त्याच्या टोकावर बसलेल्या पोपटाला पाळीपलीकडचं पाणी दिसायचं, असं म्हणतात.

मालगुजारांची पेंढी तेवढी आली नाही.

मग उन्हाळा आला. आजूबाजूची तळी आटली, विहिरी आटल्या. अकरा गावांची गुरं येनतळ्याला आली. सीतकुरेने कुणाला अडवलं नाही, फक्त रोज ठिपका लावला. ज्येष्ठात एका दुपारी अंताराम मालगुजार स्वतः आपल्या म्हशी हाकत आले, कारण गडी गाव सोडून गेले होते. म्हशी पाण्यात शिरल्या, प्यायल्या, डुंबल्या. मालगुजार काठावर उकिडवे बसले. ओंजळभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "इस्तारीले आरोळी मारनाऱ्यात पह्यला मीच होतो."

"ठाऊक हाये मालक," सीतकुरा म्हणाली. "आनखी प्या."

मृगाचा पहिला थेंब पडला त्या दिवशी तळ्यात वीतभर पाणी उरलं होतं. वीतभर! पण त्यात मासे जिवंत होते. आणि पुढच्या कापणीला तिच्या बांधीत पहिली पेंढी पडली ती मालगुजारांची. अंतारामांनी ती स्वतःच्या डोक्यावरून आणली होती.

सीतकुरा गेली कधी, कशी, हे कुणी सांगत नाही. ती एका सकाळी ठिपका लावायला पायऱ्या उतरली आणि उतरतच राहिली, असं म्हणतात. पण येनतळ्याला पाणी आजही शेपटीकडून मिळतं. तिच्या बांधीत कुणी धान रोवत नाही. कापणी झाली की घरागणिक एक पेंढी तिथे येते, पहिली मालगुजारांच्या घरची, आणि ते पुंजणं त्या वर्षीच्या पाणकराचं असतं. पुढे पाळीला लोखंडी दार आलं, चाक आलं. चाक फिरवून पाणी सातव्या पायरीपर्यंत उतरतं, त्याच्या खाली नाही. त्या पायरीत अजून सागाचा दट्ट्या आहे, आणि दरवर्षी त्याला नवं अंबाडीचं सूत गुंडाळतात.

आणि हत्ती लागतो त्या सकाळी सगळं गाव पाळीवर जमतं. पाणकर तुडुमावर उभा राहतो, तळहात वर करून पसरतो आणि ओरडतो, "हत्ती दिसला का?"

लहानथोर सगळे ओरडतात, "नाई दिसला!"

"मंग सातवा कोनाचा?"

"सीतकुरेचा!"

कधी कधी त्याच वेळी खरोखर पाऊस कोसळत असतो, ओरडणारे चिंब भिजलेले असतात, पाणकराच्या तळहातातून पाणी ओघळत असतं. तरीही गाव "नाई दिसला" असंच ओरडतं, आणि दट्ट्या जिथे आहे तिथेच राहतो.